रब्बीचं रान

बरेच दिवस हे लिहायचं म्हणत होते. दर वर्षी मार्च आला की आठवतं आणि दर वर्षी राहून जातं. या वेळी बसलेच.

गोष्ट २०१९ सालची. त्या हिवाळ्यात माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, सहा महिन्यांसाठी सॅन डिएगोला माझ्याकडे आले होते. एकटेच. आईच्या गुडघ्यांना एवढा विमानप्रवास झेपणार नव्हता, म्हणून ती पुण्याला दादाकडे राहिली. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. सगळी नोकरी माण तालुक्यात, आणि आमची जमीनही तिथलीच. साडेसात एकर, जिराईत. ज्यांना माणदेश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आहे सातारा जिल्ह्यातच, पण महाबळेश्वराच्या नावावर जाऊ नका. सगळे ढग तिकडे डोंगरावर रिकामे होतात आणि आमच्याकडे येतो तो वारा. वर्षाला जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही पडला तर.

त्यामुळे अण्णांना पावसाचं वेड. इथे आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी कॉफीचा एक रिकामा पत्र्याचा डबा मागून घेतला, बाल्कनीच्या कठड्याला तारेनं बांधला आणि माझ्या मुलाची पट्टी ताब्यात घेतली. पाऊस झाला की सकाळी पट्टी बुडवून मोजायचं आणि डायरीत लिहायचं. आणि काय योगायोग, त्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस झालाही भरपूर. डिसेंबरात झाला, जानेवारीत झाला, आणि १४ फेब्रुवारीला तर कहरच केला. सगळं जग व्हॅलेंटाइन डे साजरा करत होतं आणि आमचे अण्णा रेनकोट घालून बाल्कनीत डब्यापाशी उभे :-)

"पोरी, तू तर म्हणायचीस इथं पाऊस पडत नाही. मी आणला बघ!" ते म्हणाले.

फेब्रुवारी संपता संपता बातम्या यायला लागल्या की वाळवंट फुललंय. आमच्या घरापासून दोनेक तासांवर आन्सा-बोरेगो नावाचं वाळवंट आहे. कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं राज्य उद्यान, सहा लाख एकरांहून मोठं. आम्ही इतकी वर्षं इथे राहून तिथे फक्त एकदा गेलो होतो, तेही तारे बघायला. बोरेगोचं आकाश फार काळोखी आहे, गावानं मुद्दाम दिवे कमी ठेवलेत. पण फुलं बघायला कधीच जमलं नव्हतं. ती दर वर्षी अशी येतही नाहीत. २०१७ साली आली होती, तेव्हा ऑफिसच्या कुठल्याशा डेडलाइनमध्ये हुकली. ही अशी वर्षं कधी येतील हे कुणी सांगू शकत नाही.

आता खरं सांगायचं तर मी अण्णांना तिकडे नेलं ते काही फक्त फुलं दाखवायला नाही.

त्याच सुमारास दादाचा फोन आला होता. जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. भावही बरा होता. दादाचं म्हणणं सरळ होतं. तिथे आता कोण राहतं? विहीर पौषापर्यंतसुद्धा टिकत नाही. चुलतभाऊ वाट्यानं करतो, त्यातून आपल्याला दोन पोती ज्वारी येते, तिच्यापेक्षा गाडीभाडं जास्त. दादाच्या डोक्यावर फ्लॅटचं कर्ज होतं, मुलीचं कॉलेज तोंडावर आलं होतं. सातबारावर नाव मात्र अण्णांचं. आणि अण्णांकडे विषय काढला की ते डायरी उघडून पाऊस बघत बसायचे.

"तू सांगितलंस तर ऐकतील," दादा म्हणाला. "तुझ्याकडे आहेत तोवर मनवून ठेव. मे महिन्यात आले की सही घेऊ."

मी म्हटलं, बघते. आणि मनात हिशेब केला. घरात मुलं असतात, टीव्ही असतो. गाडीत दोन तास जायचे, दोन तास यायचे. मध्ये वाळवंट. कुठे उठून जातील?

वाईट वाटतं हे लिहिताना. पण होतं ते असं होतं.

मार्चमधला मधल्या आठवड्याचा एक दिवस बघून निघालो. शनिवार-रविवारी गर्दी प्रचंड होती असं सगळे सांगत होते. तिकडे लेक एल्सिनोरजवळच्या पॉपींच्या डोंगरावर तर इतकी माणसं लोटली की गावाला रस्ते बंद करावे लागले. मी सकाळी धपाटे केले, दह्याचा डबा घेतला, पाण्याचे दोन मोठे कॅन. अण्णांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला. टोपी दिली तर म्हणाले, तिच्यानं ऊन अडत नाही.

जाताना गंमत झाली. काचेसमोरून काहीतरी सारखं फडफडत जात होतं. आधी वाटलं पानं उडताहेत. मग बघते तर फुलपाखरं! नारिंगी-काळी, पेंटेड लेडी नावाची. एक नाही दोन नाही, हजारोंनी रस्ता ओलांडत होती, सगळी एकाच दिशेनं, वायव्येला. त्या वर्षी पावसानं मेक्सिकोच्या सीमेजवळच्या वाळवंटात रान माजलं, त्यावर त्यांच्या अळ्या पोसल्या, आणि त्यांचे थवेच्या थवे उत्तरेला निघाले होते. अण्णांनी एका मिनिटात किती दिसतात ते मोजायला सुरुवात केली आणि दीडशेच्या पुढे सोडून दिली. "ही आपल्याकडंही असतात की गं," ते म्हणाले. मला नवल वाटलं. नंतर बघितलं तर खरंच, हे फुलपाखरू भारतातही आहे.

जमिनीचा विषय रामोना मागे पडेपर्यंत काढायचा असं मी ठरवलं होतं. फुलपाखरांमुळे राहिला. मग सांता इझाबेलपर्यंत असं ठरवलं. तिथे अण्णांना डुलकी लागली.

रांचिता नावाची वस्ती ओलांडली की रस्ता एकदम खाली सुटतो. बघता बघता तीन हजार फुटांहून जास्त उतरायचं. वर हिरवं, गार, आणि वळणावळणानं उतरत गेलं की झाडं खुजी होत जातात, दगड मोठे होत जातात, आणि मग समोर ते अख्खं खोरं उघडतं. अण्णा जागे झाले होते. काच खाली करून बघत राहिले. उघडे बोडके डोंगर, मध्ये सपाट रान, कोरड्या ओढ्यांचे पांढरे पट्टे.

मला वाटलं, म्हणतील काय हे भकास. तर म्हणाले, "अगं, हे तर आपलंच रान!"

खाली उतरल्यावर आधी माहिती केंद्रात गेलो. ते जमिनीत बांधलंय. छतावर माती टाकून वर झाडं लावलीत, त्यामुळे आत भर उन्हात गार. अण्णा थबकले. "धाब्याचं घर," म्हणाले. आमच्या गावाकडे जुनी घरं अशीच असायची, वर मातीचं धाबं. आता सगळीकडे पत्रा किंवा स्लॅब झालाय. अण्णा आत जाऊन भिंतीला हात लावून आले.

तिथे एक वयस्कर स्वयंसेविका बसल्या होत्या. मी दुभाषी. अण्णांचा पहिला प्रश्न : "पाऊस किती होतो?" वर्षाला सरासरी दीडशे मिलिमीटरच्या आसपास, असं उत्तर आलं. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की बाईंनी आकडा चुकीचा सांगितलाय. दीडशे? आमच्याकडे एवढ्यावर तर मंत्र्यांचे दौरे सुरू होतात! दुसरा प्रश्न : "नावाचा अर्थ काय?" आन्सा हा १७७४ साली इथून वाट काढत गेलेला स्पॅनिश सरदार, आणि बोरेगो म्हणजे स्पॅनिश भाषेत मेंढरू. इथल्या डोंगरात रानमेंढ्या आहेत त्यावरून. हे ऐकून अण्णा खूश. मेंढरांच्या नावाचं रान म्हणजे माणदेशी माणसाला आणखी काय हवं.

मग बाईंनी फुलांचं सांगितलं. हे बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून असतं. शिडकावा झाला म्हणून उगवत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी एका दमात अर्धा-एक इंच तरी पाऊस व्हावा लागतो. बियाण्याच्या सालीत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात, ती धुऊन निघेल एवढं पाणी पाहिजे. फ्रिट्स वेंट म्हणून एक मूळचे डच शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात होते, त्यांनी १९४०च्या दशकात याचा अभ्यास केला. वाळवंटातली माती आणून तिच्यावर पावसासारखं पाणी पाडलं तर बी उगवायचं, पण तीच माती नुसती खालून भिजवली तर उगवायचं नाही. म्हणजे ओल आहे एवढं बियाण्याला पुरत नाही, पाऊस खरा झालाय की नाही हे ते जोखतं. शिवाय एकदा उगवून भागत नाही. पुढे अधूनमधून पाऊस यावा लागतो, आणि गरम वारा सुटायच्या आत फुलून, बी धरून मोकळं व्हावं लागतं.

अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे हे रब्बीचं रान आहे. त्यांना सांग, आमचा शाळू असाच असतो."

शाळूला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना. मी आपलं सांगितलं, वडील म्हणताहेत त्यांना सगळं समजलं.

गावाच्या उत्तरेला हेंडरसन कॅन्यन रोड आहे. तिथे गेलो आणि... काय सांगू. दोन्ही बाजूंना जमीन जांभळी आणि पिवळी. जांभळी ती सँड व्हर्बिना, वाळूवर लोळत पसरणारी, गोड वासाची. पिवळी ती वाळवंटी सूर्यफुलं. मध्ये मध्ये बशीएवढी पांढरी फुलं, संध्याकाळी उमलणारी प्रिमरोझ, सकाळचं ऊन चढलं की गुलाबी पडून मिटणारी. तिचं झाड वाळलं की फांद्या वर वळतात आणि पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा सांगाडा उरतो. त्यातले मागच्या फुलोऱ्याचे एकदोन सांगाडे अजून वाळूत पडले होते. कडेला ओकोटिओच्या काटेरी उंच काठ्या, प्रत्येकीच्या टोकाला लालभडक तुरा. एका ठिकाणी वाळवंटी लिली दिसली. पांढरी, कुणाच्या बागेत शोभेल अशी. तिचा कंद वाळूत खोल असतो आणि पाऊस नसेल तर वर्षानुवर्षं वर येतच नाही.

मी फोटो काढत सुटले. अण्णा मात्र उकिडवे बसून एकेक झाड बघत होते. सँड व्हर्बिनाचं पान बोटांत धरून म्हणाले, "ही घेटुळीची बहीण दिसती." घेटुळी म्हणजे पुनर्नवा, आमच्याकडे बांधाला असते, पहिल्या पावसात तिची भाजी करतात. मी हसले. घरी येऊन शोधलं तर दोन्ही खरोखर एकाच कुळातल्या, गुलबक्षीच्या कुळातल्या! सूर्यफुलांना त्यांनी कारळ्याचं रान म्हटलं, आणि एका ओढ्याच्या कडेला धोतरा तर त्यांनी लांबूनच ओळखला.

मग त्यांना अळ्या दिसल्या. बोटाएवढ्या जाड, पट्ट्यापट्ट्यांच्या, शेकडो, फुलांचा फडशा पाडत चाललेल्या. "लष्करी अळी!" ते ओरडलेच. "फवारत नाहीत का हे लोक?" मी सांगितलं की नाही फवारत. ही स्फिंक्स पतंगाची अळी. अर्जेंटिनातून उत्तरेला जाणारे स्वेनसन्स हॉक नावाचे शिकारी पक्षी वसंतात या खोऱ्यात थांबतात आणि याच अळ्या खाऊन पुढे जातात. अण्णा वर बघायला लागले. पक्षी काही दिसला नाही, पण अळ्यांबद्दलचा राग बराच कमी झाला.

पुढे एक भानगड झाली. मी पाठ वळवली तेवढ्यात अण्णांनी कमरेएवढं एक झाड मुळासकट उपटून हातात घेतलं. माझ्या पोटात गोळा. इथे पान तोडायलाही बंदी! मी धावत गेले, "अण्णा, टाका, टाका ते!"

"अगं, मोहरी आहे ही," ते शांतपणे म्हणाले. "फुलांच्या रानात मोहरीचं काय काम? तण आहे."

नेमका तेव्हाच उद्यानाचा बिल्ला लावलेला एक माणूस आमच्याकडे येताना दिसला. मी माफी मागायच्या तयारीत. तो झाडाकडे बघून हसला आणि म्हणाला, बरोबर ओळखलंत. सहारा मोहरी ती. १९२०च्या दशकात बाहेरून या भागात आली आणि पसरत गेली. थोड्या पावसावर सगळ्यांच्या आधी उगवते, ओल पिऊन टाकते, सावली धरते, आणि मागून येणाऱ्या रानफुलांना जागाच ठेवत नाही. स्वयंसेवक हिवाळ्यात येऊन ती हातानं उपटतात. पण पाहुण्यांनी उपटायची नाही हं, असंही त्यानं गोडीत सांगितलं. मी भाषांतर केलं. अण्णांनी मान डोलवली, आणि ते झाड त्याच्या हातात दिलं. गृहपाठाची वही परत केल्यासारखं.

जेवायला गाडीतच बसलो. सावली दुसरी नव्हतीच. दारं उघडी टाकली, धपाटे काढले. रस्त्यावर गाड्यांची रांग, लोक फुलांत बसून फोटो काढताहेत, एका मुलीनं खास पिवळा झगा घातलेला. बोरेगो स्प्रिंग्ज हे तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव, आणि त्या दिवशी तिथे जत्रा.

"कासला अशीच गर्दी असते म्हणे," मी म्हटलं. "तुम्ही गेलात का हो कधी कासला?"

"नाही."

"अहो, जिल्ह्यातच तर आहे!"

"तिथं पाऊस पडतो गं. पाऊस पडल्यावर फुलं येणारच. त्यात काय बघायचं?"

मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. डोंगराकडे बघत म्हणाले, "बहात्तरला आम्ही तुमच्या अमेरिकेचा मिलो खाल्ला. लाल ज्वारी. भाकरी थापायला गेलं की तुटायची. मी खडी फोडायला जायचो, शिक्षक व्हायच्या आधी. सुकडी मिळायची."

बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. खडी, सुकडी, पाझर तलाव सगळं पाठ आहे. पण पुढचं पहिल्यांदाच ऐकलं.

"घरात शाळूचं बी होतं त्या वेळी," अण्णा म्हणाले. "तुझ्या आजीनं मडक्यात राख घालून, कडुनिंबाचा पाला घालून, वरून शेणमातीनं लिंपून ठेवलं होतं. चांगलं दहा-बारा शेर असेल. आम्ही भावंडं उपाशी झोपलेलो आहोत, आणि कोपऱ्यात मडकं. मी एकदा म्हटलं, आई, ते फोड की. ती म्हणाली, ते आपलं नाही."

"मग कुणाचं?"

"विचारलं नाही. नांगरटीला बैल नव्हते, पाऊस नव्हता, पेरायचं कुठं ते माहीत नव्हतं. तरी तिनं हात लावू दिला नाही. पुढं पाऊस झाल्यावर पेरलं. त्यातलंसुद्धा सगळं नाही हं. निम्मं परत मडक्यात ठेवलं."

मी गप्प. खरं तर ही वेळ नव्हती. पण दुपार झाली होती, परतायचं होतं, आणि दादा रात्री फोन करणार होता. मी धपाट्याचा कागद घडी करत म्हटलं, "अण्णा, जमिनीचं..."

"दादानं तुला सांगितलंय ना विचारायला?" ते म्हणाले. रागानं नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला पकडतात तसं. "रामोनापासून बघतोय मी. बोलू का नको, बोलू का नको, चाललंय तुझं."

म्हणजे डुलकी खोटी होती!

मला रडू यायला लागलं. दादाची बाजू मी खरी तर मांडणार होते, ती खोटी नव्हतीच. कर्ज खरं होतं, कोरडी विहीर खरी होती. ते सगळं मी भराभर सांगून टाकलं. अण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मी सही करीन. माझं काय राहिलंय. पण हे त्याचं झालं. तुझं काय?"

"माझं काय म्हणजे?"

"तुला काय वाटतं? विकावी का ठेवावी? तुझापण हक्क आहे त्यात."

आणि मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी या विषयावर दादाशी तास तास बोलले होते, नवऱ्याशी बोलले होते, भाव काढला होता, रुपयांचे डॉलर करून बघितले होते. पण मला काय वाटतं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. त्या जमिनीत मी शेवटची कधी उभी राहिले होते? दहा वर्षं तरी झाली असतील. आठवतंय काय, तर विहिरीच्या थारोळ्यात पाय सोडून बसायचे ते. आणि हुरडा. एवढ्यावर साडेसात एकर ठेवायला सांगायची? मला लाज वाटली. आणि विका म्हणतानाही जीभ उचलेना.

"मला ठाऊक नाही, अण्णा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "मग ठाऊक होईपर्यंत थांबू."

दह्याच्या डब्याचं झाकण लावून ते परत फुलांत जाऊन बसले.

घरी आल्यावर त्या रात्री मी बियांबद्दल वाचत बसले. मला पडलेला प्रश्न साधा होता. एवढा चांगला पाऊस झाला, मग आता जमिनीतलं सगळं बी उगवून संपलं का? तर नाही. कितीही चांगलं वर्ष असलं तरी काही बी उगवतच नाही, खालीच राहतं. डॅन कोहेन नावाच्या इस्रायली शास्त्रज्ञानं १९६६ साली याचं गणित मांडलं. पुढचा पाऊस भरवशाचा नसेल, तर सगळं बी एका वर्षावर लावणारी वनस्पती कधी ना कधी समूळ संपते. थोडं उगवू देणारी, थोडं राखून ठेवणारी टिकते. चांगल्या वर्षी तिचं थोडं नुकसान होतं, पण वाईट वर्षी ती मरत नाही. पुढे ॲरिझोनात टुसॉनजवळच्या वाळवंटात लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं दर वर्षी रोपं आणि बिया मोजून हे पडताळून बघितलं. ज्या जातींचं साल-दर-साल जास्त खालीवर होतं, त्या जास्त बी मागे ठेवतात.

मी अण्णांना सकाळी चहाच्या वेळी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "याला १९६६ साल उजाडावं लागलं?" आणि डबा बघायला बाल्कनीत गेले.

मे महिन्यात ते परत गेले. तिथे दादाशी त्यांचं काय बोलणं झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण तोडगा असा निघाला की रस्त्याकडची साडेतीन एकर विकली, त्यातून दादाचं कर्ज बरंचसं फिटलं. विहिरीकडची चार एकर ठेवली. दादा त्या वेळी माझ्यावर थोडा नाराज होता. मनवायला सांगितलं होतं आणि मी मनवलं नाही. त्याचं चुकलं नव्हतं. पुढे २०२०च्या लॉकडाउनमध्ये तोच मुलांना घेऊन चार महिने गावी जाऊन राहिला. म्हणून जमीन ठेवली ते बरं झालं, असा निष्कर्ष काढू नका. तो विकलेल्या पैशांनीही तितकाच तरला, नोकरीवर गदा आली तेव्हा हप्ता नव्हता. दोन्ही खरं आहे.

मी २०२१च्या मार्चमध्ये पुन्हा बोरेगोला गेले. तो हिवाळा कोरडा गेला होता. हेंडरसन कॅन्यन रोडवर एकही गाडी नव्हती. जिथे अण्णा उकिडवे बसले होते ती जागा मी जवळजवळ नक्की शोधून काढली. वाळू, खडे, क्रिओसोटची झुडपं, प्रिमरोझचा एक वाळका पिंजरा. बाकी काही नाही. पाऊल टाकताना मात्र जरा जपून टाकलं. उगाचच.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. प्रवास जमत नाही. डबा माझ्या बाल्कनीत तसाच आहे, तार गंजली म्हणून एकदा बदलली. पाऊस झाला की मी मोजते आणि त्यांना फोनवर आकडा सांगते. ते त्यांचा सांगतात. त्यांच्या डायरीत आता दोन रकाने आहेत.

आणि फोन ठेवायच्या आधी दर वेळी, अगदी न चुकता, विचारतात, "काय गं, झालं का ठाऊक?"

"अजून नाही, अण्णा."

"बरं बरं. काही घाई नाही. परवा इकडं चांगला झाला, बत्तीस मिलिमीटर. विहिरीकडच्या तुकड्यात शाळू टाकायला सांगितलाय."